भरती थांबवा, दादासाहेब येत्यात

आमच्या चाकणकडं लग्नपत्रिकेवर येळ छापत्यात ती निस्ती शोभेला. साडेबारा लिव्हलं आसलं तर शानी मान्सं दोनाला आंघोळीला बसत्यात. आधी नवरदेव मारुतीला जानार, मग डीजे, मग फेटे, मग कुन्या पुढाऱ्याची वाट, त्यो आला की त्येचा सत्कार, सत्काराला उत्तर, आनि मग भटजीला आठवन येती की आरं, लगीनबी लावायचं ऱ्हायलंय. मी मंजुळाबाई. साठी उलटली माजी. आजपतुर एक लगीन येळंवर लागल्यालं बघितलं न्हाई, माजं सोत्ताचंबी न्हाई.

त्यात माजा धाकटा भाऊ सोपान म्हंजी तर इचारूच नका. गावात त्येला सोपानराव म्हनत्यात. निम्मी जमीन एमआयडीसीत गेली, ऱ्हायलेल्या तुकड्यावर त्येनं शेड बांधून कंपन्यांला दिली, आनि तवापास्नं त्येला वाटाया लागलं की जग आपल्या सोयीनं चालतं. कुठं काय अडलं की ह्येचं एकच, "दादासाहेबांना फोन लावतो." दादासाहेब म्हंजी आमच्या भागातलं पुढारी. पांढरी गाडी, पांढरी कापडं आनि दिवसाला चार लग्नं. हजेरीची म्हनते मी, सोत्ताची न्हाई.

सोपानचा पोरगा प्रितम मातुर आईवर गेलाय. कंपनीत क्वालिटीला हाय. फस्ट शिफ्टची बस चौकात यायच्या आधी ह्यो डबा घिऊन उभा. पन बापाम्होरं बोलायचं म्हनलं की दातखीळ बसती. त्याच कंपनीत स्टोअरला दिपाली हुती. कोकनातली, खाडीपल्याडच्या गावातली, चाकणात मैत्रिनींसंगं खोली घिऊन ऱ्हायची. दोघांचं जमलं. सोपान आधी फुरफुरला, पन पोरगी घरी आली, खुर्चीत ताठ बसली आनि त्येच्या डोळ्यांत बघून बोलली, तवा गप झाला. मला तर बघताक्षनी आवडली. घरात एका तरी बाईला आवाज पायजे, आनि मी काय जलमभर पुरनार हाय का?

बैठकीला दिपालीचा बाप दत्तोबा आला. काळाशार, किडकिडीत मानूस, आवाज मऊ. लगीन त्येंच्या दारात करायचं ठरलं. चहाचा कप खाली ठेवून त्यो म्हनला, "सोपानराव, एकच विनंती आहे. आमच्या गावाला यायचं तर खाडी ओलांडायला लागते. पूल दुरुस्तीला बंद आहे. लाँच आहे, पण ती भरती असेल तेव्हाच आमच्या धक्क्याला लागते. त्या दिवशी पौर्णिमा आहे, उधाणाची भरती येणार. अकराला पाणी भरेल. बारापर्यंत सगळं वऱ्हाड पल्याड पाहिजे, एकचा मुहूर्त आहे. त्यानंतर पाणी असं ओसरतं की नुसता चिखल राहतो. आणि मे संपत आलेला असेल, दुपारचा वारा सुटला की लाँच बंदच ठेवतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी मुक्कामालाच या."

"मुक्कामाला?" सोपान म्हनला. "वऱ्हाड हाय का भजनी मंडळ? आमी सकाळी ताफा घिऊन धडकनार. आनि भरतीचं म्हनाल तर तासभर हिकडंतिकडं चालतंय की. दादासाहेब येनार हायेत."

दत्तोबा हसला. त्येला वाटलं, व्याही चेष्टा करतोय. मला ठावं हुतं, चेष्टा न्हाई.

त्या दिवशी निघताना दिपालीनं प्रितमला माज्याम्होरंच गाठलं. म्हनली, "माझ्या ताईच्या लग्नात घाटावरचं वऱ्हाड असंच नाचत नाचत आलं. ओहोटी लागली, लाँच रुतली, मुहूर्त गेला. चूक त्यांची. पण ताईची सासू अजून तिलाच ऐकवते, तुमच्या खाडीनं आमची अब्रू घालवली म्हणून. सणाला ऐकवते, पाहुणे आले की ऐकवते. मला तसं नांदायचं नाही. मुहूर्ताला तू समोर नसलास, तर मी हार काढून ठेवीन आणि सोमवारी ड्युटीवर येईन. मग माझ्याशी बोलायला येऊ नकोस."

ती गेल्यावर प्रितम म्हनला, "आत्या, ती खरंच तसं करंल."

"करंल म्हंजी?" मी म्हनलं. "तिच्या जागी मी आसते तर आत्ताच केलं आसतं."

लग्नाचा दिस उजाडला. पहाटंच निघायचं ते दिस वर आल्यावर निघालो, कारन डीजेवाल्याचा टेम्पो चालू हुईना, आनि डीजेबिगर निघायचं म्हंजी सोपानच्या मते मयताला निघायचं. म्होरं चौकात आलो तर शिफ्ट सुटलेली. कंपन्यांच्या बसा, कंटेनर, मधीच घुसलेले रिक्षावाले. तिथं वऱ्हाड आसं अडकलं की प्रितमच्या कंपनीतली पोरं बसच्या खिडकीतनं त्येला "अजून हितंच का रे भावा?" म्हनून इचारत हुती. प्रितम मोबाईलवर भरतीचा तक्ता बघत बसलेला. घामानं त्येचा मेकप पार हनवटीवर आलेला.

तरी बी, मारुतीरायाची कृपा, आमी अकराच्या पुढं थोड्याच येळानं खाडीवर पोचलो. काय सांगू, पानी काठोकाठ! धक्क्याच्या पायऱ्या बुडाल्यात, दोन लाँचा पान्यावर डुलत्यात, आनि पल्याड मांडव समोर दिसतोय. ऊन आसं की पातळ आंगाला चिकटून बसलेलं, हवा खारट. मी म्हनलं चला, जमलं बाबा. बसा पटापटा.

तर सोपान हात आडवा करून उभा. "थांबा. दादासाहेब माणगावापतुर आलेत. तंवर नाचून घ्या."

डीजे लागला. प्रितमला भाड्याच्या घोड्यावर बसवला. खाडीवरचे बगळे उडून गेले. सोपानची मित्रमंडळी शर्टाची बटनं काढून त्या उन्हात नाचाया लागली. लाँचवाला चिमाजी दोनदा येऊन सांगून गेला की पानी फिरलंय, आता उतरनार. सोपाननं सरळ दत्तोबाला फोन लावला, स्पीकरवर.

"व्याही, जरा भरती थांबवून धरा. अर्धाच तास."

"सोपानराव, भरती माझ्या हातात नाही हो."

"मग कुनाच्या हातात हाय? बंदर खात्यात कुनी वळखीचं आसंल तर नाव सांगा, दादासाहेब बोलतील."

मग दत्तोबा म्हनला, "चंद्राच्या हातात आहे."

सोपाननं फोन ठेवला आनि चारचौघांत म्हनला, "बघितलं? मुलीकडची आसून किती ताठा!"

मी पायऱ्यांकडं बघत हुते. एक वली पायरी वर आली. गानं सपलं तवा आनखी एक. शेवाळ उघडं पडलं. प्रितमबी तिकडंच बघत हुता. त्यो घोड्यावरनं उतरला, बापाजवळ गेला, कायतरी म्हनला. डीजेच्या आवाजात सोपानला कायच ऐकू गेलं न्हाई. मग प्रितम टेम्पोजवळ गेला आनि त्येनं वायर उपटली.

"काय केलंस रं?" सोपान वरडला.

"मी लग्नाला निघालोय, बाबा. तुमी येताय का?"

"दादासाहेबांला वाऱ्यावर सोडून? गप उभा ऱ्हा."

मला वाटलं, झालं, बसलं पोरगं खाली. पन न्हाई! "दादासाहेब माज्या लग्नाला येत्यात, का मी त्येंच्या सत्काराला आलोय?" आसं म्हनून त्यो पायऱ्या उतरला. त्येच्या मागं दुर्गा, माजी भावजय. सोपाननं म्हनल्याबिगर जी कधी उंबऱ्याबाहेर पडली न्हाई, तिनं पदर खोचला आनि नवऱ्याकडं न बघता लाँचीत पाय टाकला. मग सगळ्या बाया, मग निम्मे बाप्ये. माज्या डोळ्यांत पानीच आलं, खोटं कशाला सांगू. दुर्गा मला हाका मारत हुती. मी म्हनलं, "तू हो म्होरं. ह्येला एकट्याला सोडला तर ह्यो दादासाहेबांसंगं चाकणला माघारी जायचा."

लाँच गेली. दादासाहेब आले तवा मुहूर्ताला थोडकाच येळ ऱ्हायला हुता. तरी सोपाननं धक्क्यावर शाल-नारळ केला. दादासाहेबांनी फोटोसाठी शाल काढून परत घेतली, कारन पैल्या येळी कुनीतरी मधी आलं हुतं.

चिमाजी म्हनला, "आता लाँच काढत नाही. मधला वाळूचा दांडा उघडा पडायला लागलाय."

"अहो, काढा," दादासाहेब म्हनले. "आम्ही आख्खा तालुका चालवतो, तुम्हाला एक लाँच चालवता येत नाही? मी जबाबदार."

"मग माणसं तरी बसा, नाही तर हे डबे तरी ठेवा," चिमाजी डीजेच्या स्पीकरकडं बोट करून म्हनला.

"दोनीबी जानार," सोपान म्हनला.

दोनीबी गेली. चार मोठाले स्पीकर, डीजेवाला, दादासाहेब, त्येंची चार मान्सं, सोपान आनि मी. बाकीची नाचनारी धक्क्यावरच ऱ्हायली. लाँच आशी बसली की पानी काठाला लागलं. निम्मी खाडी गेलो आनि खालनं खर्र आवाज झाला. लाँच हालायची थांबली. चिमाजीनं इंजन बंद केलं आनि बिडी काढली.

"आता?" सोपाननं इचारलं.

"आता बसा. रात्रीची भरती येईल तेव्हा उचलेल."

"रात्री? मला संध्याकाळी राजगुरुनगरात लग्न आहे!" दादासाहेब किंचाळले.

"त्येंनाबी थांबवून धराया सांगा," मी म्हनलं.

डीजेवाला चालत जातो म्हनून उतरला. मांडीपतुर रुतला. चौघांनी वढून काढला तवा त्येची एक चप्पल खाडीलाच ऱ्हायली. बघता बघता दोनी बाजूंचं पानी पळालं. चौफेर काळा चिखल, त्येच्यावर खेकडी पळत्यात, आनि मधी आमी, फेटे घालून.

सोपाननं पुन्ना फोन लावला. "व्याही, थांबा, आमी समोरच हाओत. बघा, दिसतोय की!" फोन प्रितमनं घेतला हुता. मला त्येचा आवाज ऐकू आला. "बाबा, मुहूर्त थांबनार न्हाई. तुमी सावलीला बसा. आत्याला पानी द्या." एवढंच.

सोपान स्पीकरवर बसला. मी त्येला जे बोलले ते सगळं हितं सांगता येनार न्हाई. आई-बाप सोडून सगळं काढलं. दिपालीच्या ताईची सासू अजून खाडीला दोष देती, तेबी ऐकवलं. मूर्खा, एकुलत्या एका पोराचं लगीन, आनि तू चिखलात बसून बघतोयस, कुनासाठी? ह्या पांढऱ्या बगळ्यासाठी? दादासाहेबांनी तोंड फिरवलं. सोपान खाली बघून म्हनला, "आक्का, माज्या लग्नाला गावातलं एक मोठं मानूस आलं न्हवतं. आबा दारोदार जाऊन सांगून आलं हुतं. कुनी आलं न्हाई. तुला आठवतंय?"

आठवत हुतं. आमचं वडील, आबा, मांडवाच्या तोंडाशी उभं ऱ्हायलं हुतं, शेवटची पंगत उठंस्तवर. मी त्येच्या शेजारी स्पीकरवर बसले.

तेवढ्यात पल्याडच्या कर्ण्यावर मंगलाष्टका सुरू झाल्या. भटजीचा आवाज वाऱ्यावर कमीजास्त हुत हुता. दादासाहेब लगबगीनं उठले. "सोपानराव, त्यांना सांगा, फोन माईकला लावा. मी इथूनच दोन शब्द बोलतो, शुभेच्छांचे..."

सोपाननं मान वर केली. "दादासाहेब, खाली बसा. लगीन लागतंय माज्या पोराचं. ऐकू द्या."

दादासाहेब उभेच ऱ्हायले. कुनी त्येंना बस म्हनलंय, हे त्येंच्या ध्यानातच यीना. चिमाजीनं त्येंना हात धरून बसवलं.

सोपान उभा ऱ्हायला. अक्षता सगळ्या दुर्गाच्या पिशवीत, पल्याड. त्येनं रिकामे हात जोडले. शेवटचं सावधान झालं, ताशा वाजला, आनि माजा भाऊ ल्हान पोरासारखा हमसून हमसून रडला.

थोड्या येळानं पल्याड धक्क्यावर दोघं आली. प्रितमचा फेटा आनि तिचा हिरवा शालू. तिथनंच दोघं वाकली, आमच्या दिशेनं, त्या चिखलाच्या काठाशी. मग दिपालीनं दोनी हात तोंडाशी धरले. निम्मं वाऱ्यानं खाल्लं. ऐकू आलं ते एवढंच, "जेवण झाकून ठेवलंय, मामा!"

सोपाननं डोळं पुसलं. लाँचीच्या कडंवर चढला आनि सगळा जीव काढून वरडला, "पोरी, खाडीचा दोष न्हाई! माजा हाय!"

वारा समुद्राकडनं, उलटा. पल्याड काय ऐकू गेलं नसावं, दोघं नुसतीच बघत हुती. त्यो पुन्ना वरडला. त्येचा घसा बसला. मग मी उठले, पदर कमरंला खोचला, आनि त्येच्या शेजारी उभी ऱ्हाऊन वरडले, "दोष आमचा हाय गं, पोरी!"

दिपालीनं हात वर केला.