बोलणारा स्लॅब

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंग भिंतीला सरकवला होता आणि त्यावर शेजारच्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. दारात रेटारेटी चालली होती. सगळ्यांच्या माना वर, छताकडे. मधोमध स्टुलावर कानवाले बाबा उभे होते. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला पितळी टोपण, आणि चेहऱ्यावर दुसऱ्याचा फोन चोरून ऐकणाऱ्या माणसाचा भाव.

"घरधनी, आपण इथे आहात का?" बाबांनी विचारलं आणि काठी छतावर ठोकली.

ठण्ण.

"आपल्या माणसांवर आपला जीव आहे ना?"

ठण्ण.

"हे छत फोडलेलं आपल्याला चालेल?" बाबा स्टुलावर जरासे वळले, काठी वर गेली.

बद्द.

फुटक्या भांड्यासारखा तो आवाज ऐकून खोलीतल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला. ठण्ण म्हणजे होकार आणि बद्द म्हणजे नकार, हे बाबांनी आधीच समजावून ठेवलं होतं. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "नाही म्हणाले," त्या पुटपुटल्या. "मला ठाऊकच होतं, ते नाही म्हणणार."

सून दारातच उभी होती. कामावरून नुकतीच आली होती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. तिचं लक्ष छताकडे नव्हतं, बाबांच्या पायांकडे होतं.

या सगळ्याचं मूळ एका शब्दात होतं. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचं पाणी कित्येक वर्षं या खोलीच्या छतात मुरत होतं. आधी डाग पडला, मग पोपडे सुटले, आणि एका दुपारी ताटाएवढा तुकडा पलंगावर कोसळला. नात तेवढ्यात पेन्सिलीला टोक करायला उठली होती, म्हणून वाचली. दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराला बोलावलं. त्याने हातोडीने सगळं छत ठोकून पाहिलं आणि ठोकता ठोकता सांगत गेला, "इकडे गप्प आहे. इथे मात्र बोलतोय बघा. इथपासून पार खिडकीपर्यंत बोलतोय."

बोलतोय, म्हणजे पोकळ वाजतोय. हा त्याच्या तोंडी बसलेला शब्द. सासूबाईंच्या मुलाला तो कळला, सुनेला कळला. मग कामाचं ठरलं. खोली रिकामी करायची, खालून टेकू लावायचे, आधी वरची गळती बंद करायची, मग सुटलेलं काँक्रीट फोडून सळया घासायच्या आणि नव्याने भरून घ्यायचं. सुनेने टेकू किती दिवस ठेवणार, गंज किती खोल गेला असेल, असे बारीकसारीक प्रश्न विचारून घेतले. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सासूबाईंनी मात्र एकच शब्द ऐकला, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

सासरे याच खोलीत गेले. शेवटचे काही महिने त्यांची वाचा गेली होती. सासूबाई रोज पलंगाशी बसून म्हणायच्या, एक शब्द बोला. ते नुसते बघत राहायचे. तसेच गेले. आणि आता एक परका माणूस छताकडे बोट दाखवून सांगत होता, इथे बोलतोय.

त्यांनी शेजारणीला सांगितलं. शेजारणीच्या ओळखीत बाबा होतेच.

त्या बैठकीनंतर ठेकेदाराचं काम थांबलं. सुनेने मुलीला दुसऱ्या खोलीत हलवलं, पण सासूबाई हलेनात. मुलगा हात चोळत राहिला. म्हणाला, आईचं मन मोडवत नाही, थोडे दिवस जाऊ देत.

"तू थांबशील. स्लॅब थांबेल का?" सुनेने विचारलं.

तिने सासूबाईंना गंज, ओल, सळई सगळं समजावून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुझं शिक्षण तुझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "ते माझ्याशी बोलतात, तुझ्याशी नाही."

सकाळी चादर झटकताना त्यातून वाळू पडायची, ती सून मुकाट्याने झाडून टाकायची. रात्री सासूबाई कुशीवर वळल्या तरी ती उठून दारातून छताकडे बघायची.

तिचं काम लोकांचे कान तपासण्याचं होतं. बारीक, मग त्याहून बारीक आवाज सोडायचा आणि ऐकू आला की रुग्णाने हात वर करायचा. त्यात एक गोम असते. तपासणाऱ्याचं बोट बटणाकडे जाताना दिसलं, तर आवाज नसला तरी रुग्ण हात वर करतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच ऐकू आल्यासारखं वाटतं. म्हणून ती रुग्णाला आपल्याकडे पाठ करून बसवायची. बाबांच्या बैठकीत मात्र प्रश्नही बाबांचा होता आणि ठोका कुठे मारायचा, हेही बाबाच ठरवत होते.

बाबा पुन्हा यायचे होते त्या दिवशी तिने ठेकेदाराला आधीच बोलावून घेतलं. त्याने पोकळ वाजणाऱ्या भागाभोवती खडूने रेघ ओढली. छतावर एक वेडावाकडा नकाशा तयार झाला.

बाबा आले, गर्दी आली, पलंग पुन्हा भिंतीला सरकला. बाबांनी रेघ पाहिली आणि भुवया चढवल्या. खडूने वरून येणाऱ्या आत्म्याच्या लहरी अडतात म्हणाले.

"बाबा, तुमच्या लहरी वीतभर जाडीच्या स्लॅबमधून येतात ना?" सून म्हणाली. "मग खडूचं काय एवढं?"

दारातून कोणीतरी खुदकन हसलं. बाबांनी विषय बदलला आणि स्टुलावर चढू लागले.

"आज काठी आई धरतील," ती म्हणाली.

काठी सिद्ध आहे, परक्या हाताला वश होत नाही, असं बाबा सांगू लागले. बारा वर्षांची साधना, अमुक गुरूंचा स्पर्श, पितळेत मंतरलेला धातू. सुनेने ते सगळं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातला जाळी काढायचा बांबू सासूबाईंच्या हातात दिला. "ते आईंशीच बोलायला येतात, असं तुम्हीच म्हणालात. मग मधे तुमची काठी कशाला?"

यावर गर्दीलाच पटल्यासारखं झालं. सासूबाई बांबू धरून उभ्या राहिल्या.

"मला ओळखलंत?" त्यांनी हळूच विचारलं आणि बांबू छतावर ठोकला.

ठण्ण.

त्यांचा चेहरा असा उजळला, की सुनेला वाटलं, इथेच थांबावं. पण वर छत होतं.

"आई, तेच पुन्हा विचारा. या रेघेच्या आत."

"मला ओळखलंत?"

बद्द.

सासूबाई गोंधळल्या. पुन्हा रेघेबाहेर विचारलं, ठण्ण. आत विचारलं, बद्द. बाबा घाईघाईने म्हणाले, आज ते रुष्ट आहेत. सासूबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी विचारणंच सोडून दिलं आणि नुसत्या ठोकत एका भिंतीपासून दुसरीपर्यंत गेल्या. ठण्ण, ठण्ण, बद्द, बद्द, बद्द, ठण्ण. मग बांबू खाली आला.

"मी तर काही विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

कोणाच्या लक्षात यायच्या आत बाबांची काठी दाराबाहेर पडली होती आणि काठीमागे बाबाही.

ठेकेदाराने सगळ्यांना दारापाशी हटवलं, स्वतः भिंतीलगत उभा राहिला आणि लांब पहार रेघेच्या आत नेऊन जराशी तिरकी केली. पाटाएवढा जाड तुकडा खाली आला. पलंग नेहमीच्या जागी असता, तर उशीवरच आला असता. धूळ बसल्यावर वर लालभडक, पापुद्रे सुटलेली सळई दिसली. सुनेने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: लोखंड गंजलं की फुगतं, आपल्याला जास्त जागा मागतं. वरचं काँक्रीट ढकललं जातं, मधे फट पडते आणि तिथे ठोकलं की बद्द वाजतं. हो म्हणायचं असलं की बाबा फटीबाहेर ठोकत, नाही म्हणायचं असलं की फटीवर. पाय आधी त्या बाजूला वळत.

"चूक माझीच, आजी," ठेकेदार ओशाळून म्हणाला. "आम्ही पोकळ म्हणायच्या ऐवजी बोलतोय म्हणतो."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. "म्हणजे ते काहीच बोलले नाहीत?"

काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. "नाही, आई," ती म्हणाली. "काहीच नाही."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. सून शेजारी बसली. मग सासूबाईंनी डोळे पुसले आणि ठेकेदाराला विचारलं, फोडायला कधी सुरुवात करणार? त्याने सांगितलं, टेकू उद्याच आणतो. त्यांनी आपली उशी उचलली आणि नातीच्या खोलीत नेऊन ठेवली.

शेजारीण जाता जाता दारात घुटमळली. "पण काही म्हण, जागा बाबांनी बरोबर ओळखली होती."

"ज्याच्या हातात काठी आहे त्या प्रत्येकाला ती कळली असती," सून म्हणाली. "मावशी, पुन्हा कोणी चमत्कार दाखवायला आला ना, तर काठी आपल्या हातात मागा. तोच प्रश्न दोनदा विचारा, जागा बदलून विचारा. काठी द्यायला नाही म्हणाला, तर त्याला वाटेला लावा. आणि घरात कोणी गेलेलं असेल, मन हळवं झालेलं असेल, तेव्हा तर नक्कीच मागा. हे लोक नेमके त्याच वेळी येतात."