रिकामा दिवाण

"आत्या, उठता का जरा?"

घरात कुणाला काही हवं असलं की सुरुवात या वाक्यानं व्हायची. छत्री हवी असो, पक्कड हवी असो, नाहीतर जास्तीची उशी. हे सगळं आत्यांच्या अंथरुणाखाली, दिवाणाच्या पेटीत असायचं. पेटी उघडायची तर गादी गुंडाळायला हवी, आणि गादी गुंडाळायची तर आधी आत्यांना उठवायला हवं.

आत्या खिडकीचा गज धरून उठायच्या. फळी वर केली की ती डोक्यात पडू नये म्हणून लाकडी फूटपट्टीचा टेकू द्यायच्या. ही पट्टी त्यांच्या बालवाडीतली. तिनं कधी कुणाला मारलं नव्हतं. भिंतीवरचा हत्ती आणि उंट दाखवता दाखवताच ती गुळगुळीत झाली होती. बालवाडीत जन्म गेला आणि गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा भाच्यानं आत्यांना आपल्या घरी आणलं. घर लहान. जागा फक्त त्यांच्या दिवाणाच्या पोटात होती, म्हणून सगळ्यांचं सगळं तिथं गेलं.

आत्यांची त्याला हरकत नव्हती. उलट, एक गोष्ट त्यांना मुलांकडून कळलेली होती. समोर बसवून "काय झालं, सांग" म्हटलं की मूल तोंडाला कुलूप लावतं. हातात मणी ओवायला दिले की आपसूक बोलतं. मोठी माणसंही तशीच. भाचा पक्कड शोधायला यायचा आणि पेटीत डोकं घालून चष्म्याच्या दुकानातल्या गमती सांगायचा. "आज एक काका चष्मा हरवला म्हणून नवा करायला आले, आणि जुना डोक्यावर! काखेत कळसा आणि गावाला वळसा." भाचेसून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. ती उशीचा अभ्रा शोधता शोधता साहेबांवरचा राग काढून जायची. आणि मुंगी, त्यांची सात वर्षांची मुलगी, काहीच शोधायची नाही. ती नुसती पेटीत वाकून विचारायची, "आत्याआजी, याच्या शेजारी कोण राहतं?"

कारण पेटीतल्या प्रत्येक वस्तूला शेजारी होता. विजेरीशेजारी मेणबत्त्या, दिवे गेले की दोघींचं काम एकदमच निघतं म्हणून. सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी भिंग, कारण भिंगाशिवाय आत्यांना सुईचं नेढं दिसायचं नाही. बालवाडीत खेळणी आवरायला त्यांनी असंच शिकवलं होतं: वस्तूला एकटं ठेवू नका, तिची सोबत शोधा, म्हणजे ती हरवत नाही.

एका संध्याकाळी सुनेनं मोठं पातेलं काढायला त्यांना उठवलं. उठताना गुडघ्यात कळ आली आणि आत्यांच्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

सुनेनं पातेलं तिथंच ठेवलं. "बस झालं. तुमच्या खोलीचं आम्ही गोदाम करून टाकलंय. पातेल्यासाठी म्हाताऱ्या माणसाला उठवायचं म्हणजे काय!"

"म्हातारी कोण?" आत्या म्हणाल्या.

"बरं, तरुण माणसाला. मी बोळात कपाट करून घेतेय. छतापर्यंत. तुम्हाला शांतपणे पडता यायला हवं."

तिचे डोळे भरून आले होते. आत्यांच्या ओठांवर आलं होतं, 'नको गं, तुम्ही येता ते त्या पेटीमुळेच.' पण इतक्या मायेनं देऊ केलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं? आणि म्हणायचं तरी काय, की माझ्याकडे येण्यासाठी तुम्हाला पसारा हवा? ते बोलणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटलं.

"चांगलं होईल," त्या म्हणाल्या.

सुतार आला. कानामागे पेन्सिल, बोलायला मोकळा. बोळ मापताना सून मागं उभी राहून सांगत होती, "आणखी खोल नाही का करता येणार? आणि वरचा कप्पा?"

"करू की. ताई, मी कपाट करून देतो. पसारा आवरून देत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. आमच्या घरीही आहे ना मोठं कपाट. मी केलेलं. उघडताना बायको म्हणते, बाजूला व्हा, पडेल."

आत्यांनी हळूच विचारलं, "किती दिवस लागतील हो?"

"घाई आहे का आजी?"

"छे छे. अजिबात नाही. तुम्ही सावकाश करा."

पण सुतार कामाला चोख निघाला. कपाट झालं, आणि सुट्टीच्या दिवशी पेटी रिकामी झाली. सुनेनं लॅबमधल्यासारखे एकसारखे पारदर्शक डबे आणले होते, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या: अवजारं, अभ्यास, शिवण, दिवे. मोठं खाली, छोटं वर. बोळ दुकानासारखा दिसू लागला. भाच्यानं दार उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिलं. मुंगीनं तेवढं विचारलं, "आई, आता याच्या शेजारी कोण?" पण त्या गडबडीत तिला कुणी उत्तर दिलं नाही.

दुपारी आत्या आडव्या झाल्या आणि कूस वळताच खालून ढम्म असा आवाज आला. पेटी रिकामी होती. डफ वाजवल्यासारखी घुमत होती.

त्यानंतर त्यांना कुणी उठवलं नाही. सून कामावरून आली की दार अलगद ओढून घ्यायची. मुंगी धावत आली की बाहेरून कुजबुज ऐकू यायची, "हळू! आत्याआजी पडल्यात." त्या पडलेल्या नसायच्या. उशीला टेकून बसलेल्या असायच्या, दाराकडे बघत. चहा आत यायचा, पण तो ठेवणारा हात लगेच मागं जायचा. गुडघा मात्र दुखायचा थांबला होता. तक्रार करायची तरी कशाची?

इकडे कपाटाचं पोट वाढत चाललं होतं. "राहू दे, जागा आहे ना," हे घरातलं नवं पालुपद झालं. जुना पंखा टाकायचा होता; जागा होती, म्हणून राहिला. रिकामी खोकी राहिली. चिकटपट्टी सापडेना म्हणून दुसरी आली, मग तिसरी, आणि तिसरी आली त्याच दिवशी पहिली दोन सापडली. चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या, पण डब्यांत जे बसेल ते बसलं होतं.

मग एका सकाळी भाच्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं. दुकान उघडायची वेळ झालेली. आत्यांना बंद दारातून सगळं ऐकू येत होतं.

"सुईदोरा कुठंय?"

"शिवण लिहिलेल्या डब्यात."

"त्यात मोजे आहेत."

"मग वर बघा."

"वर पंखा आहे. थांब, हे ओढतो—"

"अहो ते ओढू नका!"

आणि धडाड. त्यामागून काहीतरी गडगडत गेलं, आणि सगळं शांत झालं. मुंगी म्हणाली, "आत्याआजीला विचारू या का?" आणि आईचा थकलेला आवाज आला, "नको. त्यांना झोपू दे."

आत्या गज धरून उठल्या. कुणी न सांगता, आपणहून. दार उघडलं. बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खोक्यांच्या ढिगात सून बसली होती, मांडीवर मोज्यांचा डबा.

"सुईदोऱ्याचा डबा मुळात बिस्किटांचा होता ना गं?" आत्या म्हणाल्या. "निळा, पत्र्याचा. तो स्वयंपाकघरातल्या डब्यांबरोबर तर नाही गेला?"

मुंगी पळत गेली आणि डबा वाजवत आली. आत सुया होत्या. भाचा हसला, बटण लावून घेतलं आणि सदऱ्यात सुई विसरून पळाला. दारातून त्याची "आई गं!" ऐकू आली.

सून हसली नाही. "एवढं मोठं कपाट," ती म्हणाली, "आणि मी काय केलं? पसारा होता तिथून उचलला आणि उभा करून ठेवला. निदान तुम्हाला तरी आराम मिळाला, एवढंच समाधान."

आत्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसल्या. एक मोजा उचलला, त्याची जोडी शोधू लागल्या. हात कामात गुंतले तसं त्यांनाही बोलता आलं. एवढी वर्षं मुलांना मणी दिले, स्वतःला द्यायचं सुचलंच नव्हतं.

"आराम फार झाला गं," त्या म्हणाल्या. "तू मला उठवायचीस ना, ते मला आवडायचं."

सुनेनं मान वर केली.

"तुम्ही पातेलं न्यायला यायचात आणि अर्धा तास बसायचात. आता पातेलं इथं आहे. मग माझ्याकडे यायचं कशाला?"

"अहो आत्या," सून म्हणाली. "मी या पोरीला रोज दटावतेय, आवाज करू नको म्हणून. मला वाटलं तुम्हाला शांतता हवी. मग बोलायचं नाही का?"

"तू इतक्या हौसेनं कपाट केलंस. तुझं मन कसं मोडायचं?"

"कपाट मोडलं असतं तरी चाललं असतं!"

"मी सांगत होते," मुंगी मध्येच म्हणाली, "ती झोपलेली नसते. मी फटीतून बघते."

त्या दिवसापासून आत्यांच्या खोलीचं दार उघडं राहू लागलं. कपाटातला एकेक डबा संध्याकाळी त्यांच्या अंथरुणावर येई आणि तिघी त्याच्याभोवती बसत. "याचा शेजारी कोण?" मुंगी विचारी. ज्याला शेजारी सापडे, तो परत कपाटात जाई. ज्याला कुणीच सापडत नसे, त्याचा घरातला मुक्काम संपे. पंखा गेला, खोकी गेली. मोज्यांना मात्र जोड्या मिळेनात. आत्यांनी त्यांची बाहुली करून टाकली. हळूहळू कपाटाचा वरचा कप्पा मोकळा झाला. भाचा म्हणाला, "जागा आहे ना, मग—" आणि तिघींनी एकदमच त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं वाक्य गिळून टाकलं.

दिवाणाची पेटी रिकामीच राहिली. पुन्हा भरायची नाही, गुडघ्याला झेपणार नाही, यावर सून ठाम होती. आवरायचे डबेही एक दिवस संपले. त्या संध्याकाळी आत्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांना वाटलं, आता बघू या, काम नसताना कुणी येतं का.

सून कामावरून आली. पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि दारात येऊन उभी राहिली.

"काय हवंय?" आत्यांनी विचारलं.

"काही नाही."

ती आत आली. थकलेली होती, साहेबांनी आज पुन्हा काहीतरी केलेलं दिसत होतं. आत्यांचा हात सवयीनं खिडकीच्या गजाकडे गेला.

"उठू नका," सून म्हणाली. "सरका जरा."

आत्या भिंतीकडे सरकल्या. सून शेजारी आडवी झाली, तसा दिवाण ढम्म वाजला आणि तो आवाज ऐकून मुंगी धावत आली.