मानाची जोडी

मूर्तिजापूरजवळच्या आपल्या गावी पोळ्याचे तोरण तोडण्याचा मान यंदा निवृत्त लेफ्टनंट जनरल शालिकराम वानखडे यांना मिळाला होता. त्याच सोहळ्याच्या मंचावरून एक पक्ष त्यांची निवडणुकीतली उमेदवारी जाहीर करणार होता. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सरकारचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. दोन ज्येष्ठांना डावलून मिळालेली बढती हे त्याचेच फळ, असे लोक म्हणत. आणि ते खोटे नव्हते.

बैलांच्या रांगेत त्यांना म्हाताऱ्या शेतकरी पुंजाजीची जोडी सर्वांत शेवटी दिसली. तोरणाखालून पहिली जोडी त्याच घरची जाताना त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. मंचावरून उतरून ते म्हाताऱ्याजवळ गेले आणि पहिल्या जोडीचा मान कोणी काढून घेतला, असे विचारू लागले.

"कोनी नाई काढला, साहेब. सात वर्सं झाले, मीच मागं उभा रायतो." पुंजाजी झूल सारखी करत म्हणाला. "ज्याच्या पोरानं बारा जनाईचा जीव घालवला, त्यानं सामोर कसं उभं रावं? तुमीच तर लेहेलं तसं."

सात वर्षांपूर्वी हल्ला झालेल्या सीमेवरच्या एका चौकीत पुंजाजीचा मुलगा गोपाल वायरलेसवर होता. बारा जवानांबरोबर तोही गेला. त्याने वेळेवर इशारा दिला नाही, असा चौकशी अहवाल जनरलसाहेबांच्या सहीने दिल्लीला गेला होता. प्रत्यक्षात इशारा आला होता. पण मंत्र्यांची शांतता-बोलणी बिघडू नयेत म्हणून मुख्यालयाने कुमक रोखून धरली होती. सहीनंतर तीन महिन्यांत बढती आली.

"गोपालचा निरोप आला होता, पुंजाजी," ते हळू आवाजात म्हणाले. "दोनदा."

म्हाताऱ्याचा हात झुलीवरच थांबला. "मले काहून सांगता? माह्या पोराले मी ओयखतो. गाव कागद ओयखते."

जनरल मंचाकडे परतले. उमेदवारीच्या घोषणेसाठी तयार ठेवलेला माइक त्यांनी हातात घेतला आणि, एखादा अहवाल वाचावा तशा सपाट आवाजात, तारीख, वेळ, दोन्ही निरोप आणि आपली सही सांगितली. पक्षाचा तालुकाध्यक्ष खुर्चीतून उठून निघून गेला.

रांगेत सर्वांत पुढे असलेल्या शेतकऱ्याने आपले बैल बाजूला ओढले, मग एकेक करून मागच्यांनीही. वाट मोकळी झाली, तरी पुंजाजी जागचा हलला नाही. शेवटी त्याने कासरा सैल सोडला. जोडी तोरणाखालून गेली. जनरल खाली येऊन हात जोडून उभे होते. त्यांच्याकडे त्याने पाहिले नाही.