न आलेला ताप

नकाशावर आईची गल्ली हिरवी होती, म्हणजे तिथं डेंग्यूची भीती नाही. आरोग्य खात्यात काम करणाऱ्या यी-च्येनचं गणित तसं सांगत होतं. कोण कुठं राहतं, कुठं कामाला जातं, डास किती लांब उडतो, सगळं तिनं त्यात घातलं होतं. ताप मात्र गणिताला जुमानेना. शेजारची वस्ती सोडून तो भलत्याच टोकाला निघायचा.

चूक सापडली तेव्हा तिला स्वतःचाच संताप आला. चिनी पंचांगातला सातवा महिना चालू होता, भुकेल्या भुतांना जेवू घालायचा. दक्षिण तैवानच्या या जुन्या शहरात प्रत्येक देवळाचा दिवस वेगळा. म्हाताऱ्या बाया आज या देवळात, उद्या त्या, दुपारभर भाज्या चिरत बसतात, नेमक्या डास चावायच्या वेळी. लहानपणी तीही आईबरोबर हिंडली होती. आणि गणितात मात्र या सगळ्यांना घरी बसवून बाईसाहेब मोकळ्या.

देवळांचे दिवस घातल्यावर ताप बरोबर जुळला. आता आईची गल्ली लालभडक होती. तिथलं भूतजेवण परवावर आलेलं, आणि त्याची यंदाची मानकरीण आईच. वर्षानुवर्षं तिनं कौल मागितल्यावर देवानं पहिल्यांदा हो म्हटलं होतं.

ती तडक घरी गेली. भुतांना तोंड धुवायला ठेवायची घमेली आई घासत होती.

“आई, यंदा देवळात गर्दी नको. ज्यानं त्यानं आपापल्या दारात करा.”

“आपण हिरवे ना तुझ्या नकाशात?”

“माझं चुकलं होतं.”

“काल चुकलं, आज बरोबर. आणि उद्या गं?”

यी-च्येननं एक घमेलं ओढून घासायला घेतलं.

“बरं, किती जण दगावतील?”

“एखाददुसरं. कदाचित.”

“कोण?”

“ते नाही सांगता येत.”

“मग सांगता काय येतं तुला? देव नाही म्हणायचा तेव्हा गुमान घरी यायचे मी. आता तो हो म्हणतोय, तर तू नाही म्हणतेस.”

नवा नकाशा अजून कुणीच पाहिला नव्हता. गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. तिला रडू येत होतं, तरी संध्याकाळी तिनं तो साहेबांना पाठवला. दुसऱ्या दिवशी देवळाला बंदीचा हुकूम आला. भूतजेवणाच्या दिवशी आईनं दारातच टेबल मांडून एकटीनं उदबत्ती लावली.

महिना सरला. गल्लीत कुणालाच ताप आला नाही. यी-च्येनचा जीव भांड्यात पडला आणि ती आईला भेटायला गेली. ओसरीत शेजारणी बसल्या होत्या.

“आली बघा मानकरणीची लेक,” ग्वान काकू म्हणाल्या. “साधी सर्दी नाही झाली हो पोरी कुणाला.”

“बंद केलं म्हणून नाही झाली, काकू.”

“असं? मग दाखव ना, आमच्यातलं कोण वाचवलंस ते.”

सगळ्या हसल्या. यी-च्येननं एकेकीकडे पाहिलं. यांतलीच कुणीतरी गेली असती. कदाचित आईच.

आई पेरू चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

“आम्ही सगळ्या आहोत इथंच,” ती म्हणाली. “देव मात्र मला परत हो म्हणणार नाही.”