हँडल आणि अंगठा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दांडा आहे. दोन ठिकाणी वाकलेला, एका टोकाला लाकडी मूठ, दुसऱ्या टोकाला इंजिनला धरणारी खाच. मला हँडल म्हणतात. लगेच दाराकडे बघू नका! मी बसचं हँडल आहे. पूर्वीच्या बसगाड्या किल्लीने सुरू होत नसत. पुढच्या जाळीखालच्या भोकात मला खुपसायचं आणि जोर लावून खालून वर खेचायचं, मग कुठे इंजिन खोकत-कण्हत जागं व्हायचं. मी स्वभावाने सरळ नाही, ते माझ्याकडे बघूनच कळतं. माझ्याशी कुणी वाईट वागलं तर ते मी विसरत नाही. माझ्या माणसांशी वाईट वागलं तर मुळीच विसरत नाही.

एका म्हाताऱ्या लोहाराने मला घडवलं. पाण्यात बुडवून चरचर गार केलं आणि म्हणाला, "कुणाचा हात मोडू नकोस रे बाबा." त्याचं मी बरीच वर्षं ऐकलं.

त्या काळी कंपनी म्हणजे एकच जुनी बस. दोन भाऊ आणि थोरल्या भावाची बायको, एवढाच सगळा कारभार. सगळे थोरल्याला दादा म्हणत आणि त्याच्या बायकोला वहिनी. म्हणून मीही वहिनीच म्हणतो. दादा बस चालवायचे. धाकटा भाऊ मागे बसून तिकिटं फाडायचा. आणि हँडल कोण मारायचं? वहिनी! बाह्या वर सारून, पाय रोवून, थंडीत तोंडातून वाफ निघत असताना त्या मला हातात घ्यायच्या आणि इंजिनला दम द्यायच्या, "ऊठ गं बाई, लोक ताटकळलेत." दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या झटक्याला बस उठायचीच. उतारू कौतुकाने हसायचे.

आता एक गोष्ट नीट ऐका. मला धरायची एक रीत आहे. चार बोटं मुठीवर आणि अंगठासुद्धा त्यांच्याच बाजूला. अंगठ्याने मुठीला विळखा घालायचा नाही. कारण कधी कधी इंजिन बिथरतं आणि मला उलटं फिरवतं. अंगठा बाजूला असला की मूठ हातातून निसटते आणि माणूस वाचतो. अंगठ्याचा विळखा असला, तर अंगठा गेलाच म्हणून समजा. वहिनींनी धाकट्याला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्याने एकदा मला हातात घेतलंही. तेवढ्यात इंजिन फटकन वाजलं आणि साहेबांची पाचावर धारण बसली! "मला नको बुवा ही भानगड," म्हणाला आणि जाऊन तिकिटं फाडायला बसला. त्यानंतर त्याने मला कधी बोटही लावलं नाही.

बस चालली तशी कंपनीही चालली. दुसरी बस आली, मग तिसरी. पहिलीला लोक थोरली म्हणू लागले. डोंगरापलीकडचा रस्ता मिळाला. पुढे बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आल्या आणि मी थोरलीच्या सीटखाली चिंध्या आणि पान्यांच्या शेजारी जाऊन पडलो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. काम संपलं की विश्रांती घ्यावी.

वाईट वाटलं ते पुढे. दादांना ताप आला आणि त्या तापातच ते गेले. महिना उलटायच्या आत धाकटा वहिनींना म्हणाला, "वहिनी, तुम्ही आता घरी बसा. मालकीणबाईंनी गाडीखाली वाकणं बरं दिसत नाही." त्या दुःखात होत्या, माणूस घरचा होता. त्या बसल्या घरी. धाकट्याचा सुंठीवाचून खोकला गेला! मग काय, आयत्या बिळावर नागोबा. धाकट्याचा शेठ झाला, शेठचा साहेब झाला. गावोगाव तिकीटखिडक्या उघडल्या. झोपून जायच्या बसगाड्या आल्या, गार हवेच्या आल्या. कंपनीच्या रंगाची बस दिसली नाही असा रस्ता उरला नाही.

एके दिवशी साहेबांनी मला सीटखालून काढवलं. मला वाटलं, चला, कुणाला तरी आठवण झाली. मला घासून-पुसून काचेच्या पेटीत ठेवलं आणि मुख्य कचेरीच्या भिंतीवर टांगलं. खाली पितळी पाटी लावली: 'याच हँडलने संस्थापकांनी रोज पहाटे पहिली बस सुरू केली.' आणि संस्थापक म्हणून नाव कुणाचं? धाकट्याचं! एकट्याचं!

पाहुणे आले की साहेब पाटीसमोर उभे राहत आणि दंडावर थाप मारून सांगत, "या हातांनी हो, या हातांनी!" मी काचेत नुसता धुमसत राहायचो.

वहिनींच्या कानावर हे गेलंच. त्या कचेरीत आल्या, चष्मा सारखा करून पाटी वाचली आणि म्हणाल्या, "भाऊजी, माझं राहू द्या. निदान तुमच्या दादांचं नाव तरी घाला."

"वहिनी, लोकांना एकच नाव लक्षात राहतं," साहेब म्हणाले. "बघू पुढे."

त्या माझ्या काचेवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. त्याच दिवशी मी ठरवलं, हा माणूस आयुष्यात एकदा तरी मला हातात घेईल. त्या दिवसाची मी वाट बघत राहिलो.

तो दिवस आला. कंपनीला पन्नास वर्षं झाली. थोरलीला रंग देऊन मैदानात आणली. मिस्त्रीने खटपट करून तिचं इंजिन पुन्हा चालण्याजोगं केलं. मंडप, खुर्च्या, कॅमेरे, सगळा थाट. आणि साहेबांनी जाहीर केलं, की थोरली ते स्वतः हँडल मारून सुरू करणार. पेटी उघडली. मी बाहेर आलो. आहाहा, काय ती हवा!

साहेबांनी मला भोकात खुपसलं आणि मूठ आवळून धरली. अंगठ्याचा विळखा घालून! मिस्त्री घाईने पुढे आला. "साहेब, अंगठा तेवढा—"

"मला शिकवतोस?" साहेब गरजले. "तुझ्या जन्माआधीपासून हँडल मारतोय मी!"

मिस्त्री मागे सरला. कॅमेरे वर झाले. साहेबांनी दात-ओठ खात मला खेचलं. थोरलीचं इंजिन फटकन वाजलं, आणि मित्रांनो, मी उलटा फिरलो. इतकी वर्षं साठवलेला सगळा राग घेऊन फिरलो. कट्ट! साहेब तिथेच मटकन खाली बसले आणि आईच्या नावाने ओरडले. त्या आवाजाने मला जो गारवा वाटला, तो लोहाराच्या पाण्यातही वाटला नव्हता.

पण जित्याची खोड! उजव्या अंगठ्याला पांढरं प्लास्टर घालून साहेब घरी पलंगावर बसले आणि आल्या-गेल्याला सांगू लागले, "पन्नास वर्षं हँडल मारलं, शेवटी कंपनीच्या सेवेत अंगठा दिला!" लोक हळहळत. वर्तमानपत्रात फोटो आला. मला मुद्दाम मागवून पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं होतं, येणाऱ्यांना दाखवायला. माझा जळफळाट झाला. मी मोडलेला अंगठाच हा माणूस पदकासारखा मिरवत होता!

मग वहिनी आल्या. आजारी दिराला बघायला यायला नको का? खोलीत तेव्हा कंपनीचे तीन निवृत्त ड्रायव्हर चहा पीत बसले होते. वहिनींनी विचारपूस केली, औषधाची बाटली उजेडात धरून बघितली आणि मग मला उचललं. त्यांचा हात सुरकुतला होता, पण पकड तीच होती.

"भाऊजी," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "कसं धरलं होतंत हो? दाखवा बघू."

साहेबांनी मोठ्या रुबाबात मला डाव्या हातात घेतलं आणि मूठ आवळली. अंगठ्याचा विळखा घालून.

तिन्ही ड्रायव्हरांचे कप हवेतच थांबले. एकाने दुसऱ्याकडे बघितलं. तिसऱ्याच्या नाकातून चहा आला.

"मी असं धरलं असतं ना," वहिनी म्हणाल्या, "तर माझे दोन्ही अंगठे पहिल्याच थंडीत गेले असते. रोज हँडल मारणाऱ्याचा अंगठा असा मोडत नाही, भाऊजी. हा पहिल्यांदा मारणाऱ्याचा मोडतो."

साहेबांनी हळूच मला खाली ठेवलं. ड्रायव्हर मंडळी उठली, साहेबांना नाही, वहिनींना वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडली. जिन्यातून त्यांचं हसू वरपर्यंत ऐकू येत होतं. ड्रायव्हरांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? दोन दिवसांत शेवटच्या थांब्यापर्यंत गोष्ट पोहोचली. ज्याने वहिनींना जन्मभर अंगठा दाखवला, तो आता सगळ्या मुलखाला अंगठा दाखवत फिरत होता, आणि लोक हसत होते.

साहेबांनी पितळी पाटी काढवली. नवी करून आणली. तिच्यावर दादांचं नाव आहे, वहिनींचंही आहे. पण सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात, स्वतःचं! भिंतीवर लावण्याआधी त्यांनी ती वहिनींकडे दाखवायला पाठवली. वहिनींनी ती बघितली आणि निरोप दिला, "भाऊजींना म्हणावं, वरचं नाव खाली घ्या, मग लावा."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून माझे भाऊबंद आपली कहाणी संपवतात. मला काळजी नको, तेलपाणीही नको. तुम्ही मला खुशाल विसरा. पण ज्या हातांनी पहिली बस सुरू केली त्यांना विसरणार असाल, तर माझ्या वाटेला जाऊ नका.

नव्या पाटीवरची नावं अजून खाली-वर झालेली नाहीत. मला घाई नाही. साहेबांचा डावा अंगठा अजून शाबूत आहे.