दुरंगी पेन्सिल

पेन्सिलीचं निळं टोक सकाळी ब्लेडनं काढलं होतं तसंच अणकुचीदार… आणि लाल मात्र झिजून लाकडाला टेकलेलं. काकासाहेबांनी पेन्सिल उलटीसुलटी करून पाहिली. पंचवीस वर्षं औरंगपुऱ्यातल्या या शाळेत, याच बाकावर ते पक्षाचे पोलिंग एजंट म्हणून बसत आले — मतदारयादीत आपल्या मताला निळी खूण, विरोधातल्या मताला लाल — आणि दर वेळी निळंच टोक आधी संपायचं. खासदार वारले म्हणून ही पोटनिवडणूक लागली, आणि दुपार व्हायच्या आतच सगळं उलटं झालं होतं.

मत कुणाला पडलं हे ते माणसाच्या वागण्यावरून ओळखत. आपला माणूस मतपत्रिका पेटीत टाकून सरळ दाराबाहेर जातो, एजंटाकडं बघतही नाही. विरोधात मत टाकलेला मात्र थांबतो, तब्येतीची चौकशी करतो. हा हिशेब कधी चुकला नव्हता.

"काका, गुडघा कसा हाय आता?" तीन पिढ्यांपासून पक्षाचा असलेला कडूबा पेटीपाशीच थांबला होता.

"बरा हाय," ते म्हणाले, आणि लाल खूण केली.

मग यमुनाबाई. "लई वाळलात हो." पुन्हा लाल.

परवाच घरी जमलेल्या कार्यकर्त्यांसमोर त्यांनी शब्द दिला होता — या बूथवर लीड मिळालं नाही तर एजंटाची ही जागा सोडीन, कायमची. खरं तर आता धास्ती वाटायला हवी होती. पण गुडघ्याचं विचारताना कडूबाचे डोळे किती मऊ झाले होते… आपली म्हणवणारी ही माणसं पंचवीस वर्षं नुसती पाठ दाखवून गेली, आणि आज सोडून चालली तर कशी जीव लावून चाललीत! काकासाहेबांना हसू येऊ लागलं. केंद्राध्यक्षांनी वर पाहिलं, तरी आवरेना.

तेवढ्यात लक्ष्मीबाई आल्या, त्यांची बायको. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण फर्दापूरला उतरून अजिंठा बघायचा राहिला तो राहिलाच — कधी सभा, कधी बाजार समिती, कधी कुणाचा अर्ज भरायचा. घरच्या मताची निळी खूण ते दर वेळी सकाळीच करून ठेवीत. आज कशी कोण जाणे, राहून गेली होती.

मतपत्रिका पेटीत पडली. लक्ष्मीबाई दाराकडं वळल्या, थबकल्या, मागं फिरल्या. आजवर बूथवर त्या त्यांच्याशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

"गोळी घेतली का?"

ही? हिनंसुद्धा?… की नुसती काळजी? परवा मी शब्द देत होतो तेव्हा चहाचा ट्रे घेऊन ही दारातच उभी होती…

"घेतली," ते म्हणाले. आणि मग, आवाज खाली आणून, "फर्दापूरची पहिली गाडी किती वाजता असती गं?"

"सहाला," लक्ष्मीबाई लगेच म्हणाल्या, कालच विचारून आल्यासारख्या, आणि पदर सावरत निघून गेल्या.

त्यांच्या नावावर पेन्सिल नुसतीच आडवी टेकून राहिली, निळं टोकही नाही, लालही नाही. दारात पुढचा मतदार येत होता. हाही थांबावा, गुडघ्याचं विचारावं, असं काकासाहेबांना फार मनापासून वाटलं.