महादेवरावांच्या मुठीतली चकमक

मी चकमक. बोटभर लांबीचा पोलादाचा तुकडा. गप्प पडून राहणं मला जमत नाही, म्हणून बोलतेय.

नरखेडकडच्या एका लोहाराने मोडक्या कानशीपासून मला घडवलं. महादेवरावांनी मला कातडी बटव्यात ठेवलं, सोबत एक गारगोटी आणि सावरीचा कापूस. संत्र्याच्या बागेत ते डाव्या हातात गारगोटी घेत, तिच्यावर अंगठ्याने कापूस दाबून धरत आणि उजव्या हाताने मला तिच्या धारेवर झटका देत. ठिणगी पडली की कापूस धुमसायचा. फुंकर घातली की गोवरी पेटायची. खिशात काडेपेटी असली तरी ते मलाच काढत. मला त्याचा भारी गर्व होता.

मग त्यांना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला. मुलगा साहिल त्यांना नागपूरला आपल्या घरी घेऊन आला; माझा बटवा गावीच खुंटीवर राहिला. सून कामिनी व्यायामासाठी त्यांच्या हातात रबरी चेंडू द्यायची. ते तो ढकलून द्यायचे.

"मले लेकरू समजून राहिली काय वं?"

कामिनी चिडली नाही. गावी गेली तेव्हा खुंटीवरचा बटवा घेऊन आली. तिने मला त्यांच्या उजव्या मुठीत ठेवून एकेक बोट मिटवलं. मी निसटून फरशीवर पडले. तिने उचललं. मी पुन्हा पडले.

रोज सकाळी गच्चीवर हेच. गारगोटीला मी नुसती घासायचे, जोर कुठला? माझा जीव तळमळायचा. एकदा शेजारचा प्रेमानंद म्हणाला, "काका, लायटर देऊ काय?"

"लायटर अंगठ्यानं पेटते गा. मले मनगट पाहिजे."

दीड महिन्यानंतर एका सकाळी ठिणगी उडाली आणि कापसात रुतली. महादेवरावांनी तो कापूस विटांच्या चुलीतल्या नारळाच्या शेंड्यांत ठेवून फुंकर घातली, पण वाकड्या ओठांतून हवा एका बाजूने निसटली. कामिनी फुंकायला वाकली.

"थांब वं!"

त्यांनी डाव्या हाताने ओठाचा कोपरा दाबून धरला आणि पुन्हा फुंकलं. शेंड्या भडकल्या. कामिनीने त्या विटांवर चहा ठेवला. त्यांनी कप उजव्या हाताने उचलला. अर्धा सांडला, अर्धा प्याले. कामिनी पदराने डोळे पुसत म्हणाली, "धूर लई झाला."

आता साहिल म्हणतो, हिला शोकेसमध्ये ठेवू. नको रे बाबा! त्यांना सदऱ्याची गुंडी अजून लावता येत नाही. मला उद्या सकाळी गच्चीवर जायचंय.